फुकटातला डाउनलोड मॅनेजर कुठला? आधी वायर ओढून बघा

प्रश्न असा आलाय: "काका, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो. पार्टी सहा-सात जीबीच्या फाइली लिंकवर पाठवते. घरी जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम, विंडोज १०. निम्मं डाउनलोड झालं की लाइट जाते, राउटर बंद, आणि परत शून्यापासून सुरू व्हायलंय. फुकटातला चांगला डाउनलोड मॅनेजर सांगा. एक मित्र आयडीएमचा क्रॅक देतो म्हणालाय, टाकू का?"

क्रॅक टाकू नको. आयडीएम म्हणजे इंटरनेट डाउनलोड मॅनेजर, ते पैशाचं आहे, आणि क्रॅक म्हणजे त्याचं कुलूप तोडलेली चोरटी कॉपी. हे पहिलं, बाकीचं निवांत बोलू.

घाईत असशील तर एवढंच कर, फ्री डाउनलोड मॅनेजर म्हणजे एफडीएम त्यांच्या मूळ साइटवरून घे, ब्राउझरला त्याचं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरमध्ये बसणारा छोटा भाग, जोड आणि राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लाव. पण कारण माहीत नसलं की महिनाभरात तू परत दुसरं सॉफ्टवेअर शोधत बसणार, माझ्याकडे अशी गिऱ्हाइकं येतात, एका लॅपटॉपवर चार-चार डाउनलोड मॅनेजर टाकलेले आणि चौघं एकाच लिंकवर झडप घालायलेत.

मी हे काम कधीपासून करतोय ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. २००६ ला आमच्याकडे २५६ केबीपीएसची लाइन होती. त्यात रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फ्री, बाकी वेळ मीटर चालू. २५६ भागिले आठ, म्हणजे सेकंदाला फार तर ३२ केबी. सहा तासात हिशोब लावला तर जेमतेम साडेसहाशे एमबी यायचं आणि लिनक्सची, म्हणजे विंडोजसारख्याच एका फुकट सिस्टीमची, एक सीडी असायची सातशे एमबीची! म्हणजे कितीही नशीब चांगलं असलं तरी एका रात्रीत सीडी पुरी व्हायचीच नाही, शेवटचे पन्नास एमबी दुसऱ्या रात्रीवर. दोनचा गजर लावून उठायचं, फ्लॅशगेट हा तेव्हाचा डाउनलोड मॅनेजर सुरू करायचा, आठला पाच कमी असताना पॉज मारायचा. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय की डाउनलोड मॅनेजरचं खरं काम एकच, आपण कुठपर्यंत आलो होतो ते लक्षात ठेवणं. पाचपट स्पीड, दहापट स्पीड हे सगळं पॅकिंगवरचं लिहिणं.

आता हे "लक्षात ठेवणं" कसं चालतं ते बघ, कारण तुझी गाडी इथंच अडकलीये. डाउनलोड मधे तुटलं की मॅनेजर सर्व्हरला परत जाऊन म्हणतो, मला अमुक बाइटच्या पुढचं दे. सर्व्हरला ते जमत असेल तर तो २०६ नंबरचं उत्तर देतो, म्हणजे "हा घे पुढचा तुकडा". जमत नसेल तर २०० देतो, म्हणजे "घे सगळं पहिल्यापासून". हे दोन्ही बाजूंनी जमावं लागतं. सर्व्हरच २०० देत असेल तर जगातला सगळ्यात महागडा मॅनेजर आणलास तरी तो शून्यावरच येणार, त्याच्या हातात काही नाही. त्यामुळे "रिझ्युम होत नाही" म्हणून सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी बघायचं की लिंक कशी आहे. ओळखायची सोपी खूण म्हणजे डाउनलोड सुरू झाल्यावर एकूण साइज दिसतीये का. "६.२ जीबी पैकी ३०० एमबी" असं दिसलं तर बहुतेक वेळा रिझ्युम होतं. नुसताच आकडा वाढत चाललाय, टक्के नाहीत, किती राहिलं ते नाही, तर समज की तुटलं की गेलं.

आणि तुझ्या बाबतीत मला दाट शंका हीच आहे. पार्टी गूगल ड्राइव्हचं फोल्डर शेअर करत असेल आणि तू वरून "डाउनलोड ऑल" दाबत असशील. तसं केलं की ड्राइव्ह त्या फोल्डरची झिप स्वतः बनवून पाठवतं, आणि अशी झिप मधे तुटली तर रिझ्युम होईलच याची खात्री नसते. यावर उपाय सॉफ्टवेअरचा नाहीच. पार्टीला सांग की फोल्डर नको, तुमच्याकडेच एक झिप करा आणि ती चढवा. अजून चांगलं म्हणजे सेव्हन-झिप या झिप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये पाचशे-पाचशे एमबीचे भाग पाडायची सोय आहे, तसे भाग करून पाठवा म्हणावं, मग लाइट गेली तर एकच भाग वाया जातो. भाग सगळे आले की एका फोल्डरमध्ये ठेवायचे आणि पहिल्यावर राइट क्लिक करून उघडायचं, ते आपोआप जोडून घेतं. पार्टी ऐकणारी नसेल तर फोल्डरमधल्या फाइली एक-एक करून उतरव, सुट्ट्या फाइलची साइज ठरलेली असते.

दुसरी एक गंमत सांगतो, ही आठवड्यातून एकदा तरी दुकानात येते. माणूस म्हणतो मॅनेजर खराब आहे, दोन जीबीची झिप उतरवली आणि "फाइल करप्ट आहे" म्हणतंय. मी बघतो तर झिप अवघी बारा केबीची! नोटपॅडमध्ये उघडली की आत लॉगिनचं पान, नाही तर ड्राइव्हचं ते "ही फाइल मोठी आहे, व्हायरस तपासता येत नाही, तरी डाउनलोड करायची का" असं विचारणारं पान. झालेलं असं की लिंक ब्राउझरमधून कॉपी करून मॅनेजरमध्ये पेस्ट केली. तू ब्राउझरमध्ये लॉगिन आहेस, मॅनेजर नाही, त्याला दारातच थांबवलं आणि त्याने दाराचाच फोटो आणून दिला. म्हणून एक्स्टेंशन टाक म्हणतोय, ते असलं की ब्राउझरमधली ओळख घेऊन मॅनेजर आत जातो.

आता सॉफ्टवेअर निवडायचं कसं. माझी परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि मी ती प्रत्येक नव्या मॅनेजरची घेतो. लिनक्स मिंटची किंवा उबंटूची आयएसओ, म्हणजे लिनक्स टाकायची मोठी फाइल, डाउनलोडला लावतो, त्यांचे सर्व्हर रिझ्युम नीट देतात, त्यामुळे दोष निघाला तर तो मॅनेजरचाच. तीस-चाळीस टक्के झालं की राउटरची वायर ओढतो. पॉज नाही करायचा, पॉज केला की तो तयारीने थांबतो, लाइट जाताना कुणी सांगून जात नाही. दोन मिनिटांनी वायर परत लावतो आणि हात बांधून बसतो. आपोआप परत सुरू झालं पाहिजे. मग टास्क मॅनेजरमधून सॉफ्टवेअरच मारून टाकतो, एंड टास्क, आणि परत उघडतो. चाळीस टक्क्यावर मेलं होतं, अडतीसला उघडलं तर पास. शून्यावर आलं किंवा "एरर" लिहून रुसून बसलं की अनइन्स्टॉल, दुसरी संधी नाही. तूही घरी हेच कर, माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

एफडीएम यात पास होतं, आणि जुन्या लॅपटॉपवर फार जड पडत नाही म्हणून तुला सांगतोय. टोरेंट पण त्यातच चालतं. स्पीड कमी करायला गोगलगायीचं बटण आहे, घरात कुणाचा ऑनलाइन क्लास चालू असला की ते दाबायचं, भांडण मिटतं. एक गोष्ट खरी की ते ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, असं राहिलेलं नाही, जुनी तिसरी आवृत्ती तशी होती, पुढच्या बंद कोडच्या आहेत, पण फुकट आहेत.

जेडाउनलोडर हा दुसरा मॅनेजर माझ्या स्वतःच्या मशीनवर आहे. शंभर लिंका एकदम कॉपी केल्या तरी तो सगळ्या उचलतो, भागातल्या झिप आल्या की स्वतः उघडून ठेवतो, पासवर्डची यादी देऊन ठेवली की ते पण लावून बघतो. पण तो जावावर चालतो आणि रॅम खातो, ४ जीबीच्या मशीनवर क्रोम, फोटोशॉप आणि हा असे तिघं बसले तर लॅपटॉप हत्तीसारखा डुलायला लागतो. रॅम वाढवलीस तर विचार कर.

तिसरा मॅनेजर मोट्रिक्स, दिसायला सगळ्यात सुंदर, ओपन सोर्स, आत एरिया-टू नावाचं इंजिन आहे. इंजिन झकास, पण वरचा डबा इलेक्ट्रॉनचा, म्हणजे आत एक छोटं क्रोमच पळतंय असं समज, परत रॅमचा प्रश्न. नुसतं एरिया-टू वापरलं तर ते चिमूटभर मेमरीत चालतं, फक्त काळ्या खिडकीत कमांड लिहावी लागते. तुला आवड असली तर शिक, नसली तर नाद सोड.

फायरफॉक्सवाल्यांना डाउनदेमऑल हे एक्स्टेंशन आठवत असेल. २०१७ ला फायरफॉक्स ५७ आलं आणि जुनी एक्स्टेंशनं सगळी बंद पडली त्यात हे पण गेलं, २०१९ ला परत आलं. एखाद्या पानावरच्या दोनशे पीडीएफ एकदम घ्यायच्या असतील तर आजही त्याच्यासारखं काही नाही. पण नव्या अवतारात ते एका फाइलचे तुकडे करून ओढत नाही, ब्राउझरचीच यंत्रणा वापरतं, त्यामुळे तुझ्या कामाचं नाही.

आयडीएम चांगलं सॉफ्टवेअर आहे, खोटं कशाला बोलू. तीस दिवस फुकट वापरता येतं, मग पैसे. रोजचं कामच असेल आणि परवडत असेल तर विकत घे. पण क्रॅकचा किस्सा ऐक. जुळे सोलापूरचं एक पोरगं, इंजिनिअरिंगचं, लॅपटॉप घेऊन आलं, म्हणे इन्स्टाग्राम हॅक झालंय आणि मेलचा पासवर्ड पण बदललाय. अशाच एका पेड डाउनलोड मॅनेजरचा क्रॅक टाकलेला. सोबत एक रीडमी फाइल होती, पहिलीच ओळ: "आधी अँटिव्हायरस बंद करा". आणि याने केलं! अरे चोर जर दारावर येऊन म्हणाला आधी कुत्रं बांधा मग मी कुलूप दुरुस्त करतो, तर आपण बांधतो का? ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड गेले, लॅपटॉप फॉरमॅट मारावा लागला, प्रोजेक्टचा बॅकअप नव्हता. त्यात तुझं विंडोज १०, त्याचा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आधीच भिंत कच्ची आहे, त्यात आपण होऊन भोक पाडू नको. आणि त्या लॅपटॉपवर पार्टीची डिझाइनं आहेत, ती बाहेर गेली तर मालक तुला विचारणार.

फुकट म्हणजे निर्धोक असंही नाही बरं का. ऑर्बिट डाउनलोडर म्हणून एक होतं, चांगलं नाव होतं त्याचं, २०१३ ला ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने दाखवून दिलं की त्यात दुसऱ्यांच्या साइटवर हल्ला करणारा भाग गुपचूप घातलाय. आणि मी ज्याची शिफारस करतोय त्या एफडीएमचं पण सांगतो, लपवत नाही. २०२३ ला कॅस्परस्की या दुसऱ्या अँटिव्हायरस कंपनीने शोधून काढलं की २०२० ते २०२२ या काळात त्यांच्या साइटवरून लिनक्सचं सॉफ्टवेअर घेणाऱ्या काही लोकांना भलतीकडे वळवून व्हायरसवालं पॅकेज दिलं जात होतं. कंपनीने साइटचं एक पान हॅक झाल्याचं कबूल केलं. विंडोजवाले त्यात नव्हते. तरी मी सांगतोय कारण गोष्ट उघडी पडली, मान्य केली, दुरुस्त झाली. तू एवढं कर, इन्स्टॉलर उतरवला की चालवायच्या आधी व्हायरसटोटल या फाइल तपासून देणाऱ्या साइटवर टाकून बघ, एक मिनिट लागतं.

आणि मूळ साइट म्हणजे मूळ साइट. गूगलवर नाव टाकलं की पहिले दोन-तीन निकाल "प्रायोजित" लिहिलेले असतात ते जाहिरातीचे, त्यावर क्लिक नाही करायचं. पानावर हिरवंगार मोठं "डाउनलोड" बटण दिसतं ते निम्म्या वेळा दुसऱ्याच कुणाचं असतं. इन्स्टॉल करताना "नेक्स्ट नेक्स्ट" दाबत जाऊ नको, टिक केलेल्या खिडक्या वाच, फुकटवाले त्यातच एखादा टूलबार नाही तर अँटिव्हायरस चिकटवतात.

स्पीडचं थोडक्यात. मॅनेजर फाइलचे तुकडे करून चार-आठ कनेक्शनने एकदम ओढतो. समोरचा सर्व्हर प्रत्येक कनेक्शनला मोजूनमापून देत असेल तर फायदा होतो. तुझी लाइनच भरली असेल तर काही होत नाही. ४० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला ५ एमबी, कारण एक बिटमध्ये मोजतात आणि एक बाइटमध्ये, हे न कळल्यामुळे किती लोक कंपनीवाल्याशी भांडतात. म्हणजे सहा जीबीला कागदावर वीस मिनिटं. नळाला पाणीच तेवढं येतंय तर चार बादल्या लावून काय करणार, सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको. कनेक्शनं सहा-आठच ठेव, सोळा-बत्तीस केलीस तर छोटे सर्व्हर उलट ब्लॉक करतात. दोनशे-तीनशे एमबीची फाइल असेल तर मॅनेजर कशालाच नको, क्रोम आणि फायरफॉक्स दोघांना पॉज-रिझ्युम येतं.

सेटिंगमध्ये एक मात्र विसरू नको. रात्री लावून झोपलो आणि सकाळी बघतो तर बारा टक्के, याचं सगळ्यात मोठं कारण नेट नसतं, लॅपटॉप झोपलेला असतो. पॉवर सेटिंगमध्ये चार्जर लावलेला असताना स्लीप "नेव्हर" कर आणि झाकण बंद केल्यावर "डू नथिंग". फक्त उन्हाळ्यात झाकण लावून गादीवर ठेवू नको बाबा, आपल्याकडे मे महिन्यात माणूस बसत नाही पत्र्याखाली, लॅपटॉप कसा बसेल. आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल, म्हणजे चार्जर काढला की फट्कन बंद, तर आधी बॅटरी बदल. लाइट जाऊन मशीन अचानक मेलं की शेवटचं लिहिलेलं डिस्कवर पोचलेलंच नसतं आणि मॅनेजरला वाटतं पोचलं. मग शंभर टक्के होतं आणि झिप उघडत नाही. झिप आली की पार्टीला फोन करायच्या आधी सेव्हन-झिपमधून "टेस्ट आर्काइव्ह" करून बघ, आतला हिशोब जुळतो का ते कळतं.

राउटरचा यूपीएस हजार-दीड हजारात येतो, छोट्या डब्याएवढा, दोन-तीन तास खेचतो. घ्यायच्या आधी तुझ्या राउटरच्या ॲडॅप्टरवर व्होल्ट किती लिहिलेत ते बघ, बहुतेक बाराच असतात पण नऊवाले पण आहेत. फायबरचा डबा वेगळा असेल तर दोघांना पुरेल असा दोन वायरींचा घे. खरं सांगू, तुझा निम्मा प्रश्न इथंच मिटतो.

लाइट गेल्यावर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उडी मारत असशील तर दोन गोष्टी होतात. एक, दिवसाचा दीड-दोन जीबीचा कोटा संपला की स्पीड चालणारी नाही, रांगणारी होते. दुसरं, काही लिंका तुझ्या नेटच्या पत्त्याला किंवा वेळेला बांधलेल्या असतात, नेट बदललं की त्या मरतात आणि मॅनेजर एरर दाखवतो. तेव्हा घाबरून डिलीट मारू नको. ज्या पानावरून लिंक घेतली तिथं जाऊन नवी घे आणि जुन्या अर्धवट डाउनलोडचा पत्ता बदलून ती टाक, फाइल तीच असेल तर तिथूनच पुढं जातं.

राहिलं एक. फाइल थेट पेनड्राइव्हवर उतरवत असशील आणि बरोबर ४ जीबीच्या आसपास येऊन अडकत असेल तर ना नेटचा दोष ना मॅनेजरचा. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात ४ जीबीची एक फाइल मावत नाही, मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. आतला माल दुसरीकडे काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट कर. आणि तसंही, डाउनलोड आधी डी ड्राइव्हवर घे, मग कॉपी मार.

हे सगळं करून पण शून्यावरच आलं तर लिंक कशी दिसते आणि एकूण साइज दिसत होती का एवढं लिहून पाठव. लॅपटॉप दुकानात आणलास तर चार्जर घेऊन ये, मागच्या वेळी एक जण नुसताच लॅपटॉप घेऊन आला होता, बॅटरी मेलेली.